हातांचं इंग्रजी

जरा जोरात बोला. न्हायतर राहू द्या, समोर बसा आणि तोंड नीट उघडून बोला, मी समजून घेते. निम्मी उमर कामतघरच्या लूमच्या शेडमध्ये गेली माझी, कान तिथंच ठेवून आले. धोट्यात सुताची कांडी बसते ना, त्या कांड्या भरायचं माझं काम. एका पत्र्याखाली इतके लूम, की बाजूच्या बाईच्या कानात तोंड घातलं तरी तिला शब्द कळायचा न्हाय. म्हणून शेडमध्ये आम्ही सगळे हातांनी बोलायचो. आमचे मराठी, यूपीचे कारागीर, तेलगू लोक, घरी गेल्यावर ज्याची त्याची बोली, पण शेडमध्ये हाताची भाषा एकच. ती कोणी शिकवली न्हाय आणि कोणी शिकायला बसलं न्हाय.

त्यातली एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लूमवर धागा तुटला की मुकादम लांबून हात उडवून विचारतो, काय झालं? आता धागा तुटला होता आणि कारागिराने जोडून लूम परत चालू केला, तर तो हात खांद्यावरून मागं टाकतो. म्हणजे तुटलं, मिटलं, मागं पडलं, तू येऊ नको. पण धागा तुटलाय आणि लूम अजून उभाच हाय, तर तो मूठ मिटून पोटाशी धरतो. म्हणजे तुटलंय, आणि ते अजून माझ्या गळ्यात हाय, तू ये. धागा दोन्हीकडं तुटलेलाच. पण एका हाताला मुकादम जागचा हलत न्हाय आणि दुसऱ्या हाताला धावत येतो. काम चालू हाय म्हणायचं तर हात धोट्यासारखा इकडून तिकडं. पुढं व्हायचं असलं तर दोन बोटं पुढं. आमच्याकडचं शेंबडं पोर पण हे जाणतं.

तर माझी मंदा. तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणी गोवराने आजारी पडली तेव्हा दवाखान्यात एक बाई पांढऱ्या कपड्यात आली आणि हिच्या कपाळावर हात ठेवून गेली, तेव्हापासून डोक्यात तेच. ट्रेनिंगला मॅट्रिक पास पाहिजे. पहिल्या खेपेला पोरगी बाकी सगळ्यात पास आणि इंग्रजीत नापास. तिचा बाप सुताला खळ लावायच्या कारखान्यात होता, बोलायला कमी, पण बोलला की दगडावरची रेघ. तो बोलला, अजून एक खेप देतो, यात गेली तर तुझ्या बाजूच्या मशीनवर कांड्या भरायला बसव. आमच्या शेडच्या शेठने ती जागा धरून पण ठेवली होती. मला ते नको होतं. माझे कान गेले ते गेले, पोरीचे जाऊ द्यायचे न्हाईत, एवढंच मला कळत होतं. त्यासाठी मी कोणाशी पण भांडायला तयार होते, आणि भांडणाची मला तशीही हौस.

मी तिला विचारलं, इंग्रजीत असं काय हाय गं, जे तुला येत न्हाय? ती बोलली, टेन्स. मी बोलले, टेन्स म्हणजे? तर बोलली, आये, काम कधी झालं त्याप्रमाणं इंग्रजीत शब्द बदलतो, आणि त्याच्या बारा तऱ्हा हायेत. मी बोलले, बारा भानगडी सायबाच्या, आपल्याला काय करायच्यात? तशी ती रडायला लागली. मग मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं न्हाय, विचारा कोणाला पण.

इंग्रजीला केसरीनाथ सर होते. दापोड्याचे, शेतकऱ्याच्या घरचे, सायकलवर यायचे. माणूस हाडाचा मास्तर, पण शाळेच्या दोन्ही अंगांना लूमच्या शेड. खिडकी लावली तर पोरं उकडून निघायची, उघडली तर सरांचा आवाज गिळून जायचा. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसलेला. मंदा नापास पोरगी, तरी सरांनी तिला वर्गात मागं बसायची मुभा दिली होती. सकाळी ती माझ्याबरोबर शेडमध्ये हात मारायची आणि मग शाळेत पळायची. एकदा ती ओळीने चार दिवस गेली न्हाय, तर सर तिला शोधत शेडच्या दारात आले.

आले आणि तिथंच उभे राहिले. तोंड उघडं, डोळे आमच्या हातांवर. सगळी शेड हातांनी बोलत होती, मुकादम, कारागीर, बायका, आणि हा माणूस देवळात आल्यासारखा बघतोय. मी समोरच्या शांताबाईला हाताने विचारलं, हे बावळं कोण उभं हाय दारात? मंदाचा जीव अर्धा झाला. सरांनी तिला खुणेने विचारलं, आई काय म्हणाली? ती पोरगी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, आई बोलतेय, सर चहा घेणार का? मग काय, चहा मागवावा लागला.

त्यानंतर आठवडाभरात आमच्या चाळीत बोंब झाली. शांताबाई सांगत आली, तो मास्तर वर्गात पोरांकडून शेडचे हात करून घेतो. माझं टाळकंच फिरलं. का सांगते. बाजारात आम्ही दोघी-तिघी चुकून हाताने बोललो की लोक हसायचे, मुक्यांची जत्रा आली बोलायचे. म्हणून मी मंदाला सक्त सांगितलं होतं, शेडच्या बाहेर हात चालवायचे न्हाईत, तोंड दिलंय देवाने, ते चालव. आणि इथं शिकलेला माणूस शाळेत बसवून आमची नक्कल करतोय. मशीन बंद केलं, पदर खोचला आणि निघाले.

वर्गात शिरले आणि सुरू केलं. मास्तर, लाज वाटते का, गरिबाची थट्टा करता, असं बरंच काय काय. पण दोन्ही खिडक्या उघड्या, लूमचा गोंगाट आत येतोय, सर कानामागं हात धरून बघतायत. त्यांना एक अक्षर ऐकू जात न्हाय. असलं भांडण काय कामाचं? शेवटी मी हातांनी भांडले. तेवढं तर येतंच की मला. सगळा वर्ग टकामका बघतोय, मंदा बाकाखाली जायचीच बाकी. आणि सरांनी काय करावं? सरांनी मला हातानेच उत्तर दिलं. वेडेवाकडे हात, नवशिक्या पोरासारखे, पण मला कळलं. थांब, बोलले. बस. बघ.

मग त्यांनी फळ्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि पोरांकडं वळले. सगळ्या वर्गाचा हात खांद्यावरून मागं गेला. सरांनी ती ओळ पुसली, दुसरी लिहिली. बघायला तशीच, थोडी लांब. सगळ्या वर्गाने मूठ मिटून पोटाशी धरली.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. अहो, तो आमचा तुटलेला धागा होता. एक जोडून झालेला आणि एक अजून तुटलेलाच. सायबाच्या भाषेत पण हा फरक हाय? त्यांच्याकडं पण मुकादम एका शब्दाला उभा राहतो आणि दुसऱ्याला धावतो? मला इतके दिवस वाटायचं, आमचे हात म्हणजे अडाण्यांची सोय. आवाज पोचत न्हाय म्हणून केलेली. आणि इथं इंग्रजी त्या हातांत बसत होती, अंगावरच्या चोळीसारखी नेमकी. मी तशीच परत फिरले आणि शांताबाईला सांगितलं, तुझं तोंड बंद ठेव, आपली शेड शाळेत गेलीय.

मग घरात तोच धंदा. मंदा पुस्तक मांडीवर ठेवायची, ओळ वाचायची, हात चालायचा, आणि मग लिहायची. भाकऱ्या थापता थापता मी तिचे हात बघायचे. इंग्रजी कळत न्हाय, पण हात कळायचा. कधी हात चुकीच्या बाजूला निघायचा, अर्ध्यात थांबायचा, परत यायचा. त्या थांबण्यात तिचं डोकं चाललेलं दिसायचं मला. पोरीचा विचार असा डोळ्यांनी बघायला मिळणं, किती आयांच्या नशिबात असतं?

आणीबाणी चालू होती तेव्हाचा तो मार्च. सगळीकडं शिस्तीचं वारं. परीक्षेत कॉपी धरली तर पेपर काढून घेतात आणि पुढची वर्षं बसूच देत न्हाईत, असं सगळे बोलायचे. आमच्या शाळेच्या पोरांचं केंद्र ठाण्याला आलं होतं. इंग्रजीच्या दिवशी मी खाडा केला आणि तिच्याबरोबर एसटीने गेले. मानकोली सोडल्यावर ती बोलली, आये, तू का येतेयस, तुला आत थोडंच सोडणार हायेत? मी बोलले, बाहेर बसेन, तुला काय त्रास? तिने माझा हात धरला आणि ठाण्यापर्यंत सोडला न्हाय.

ठाण्याची ती शाळा दगडी, मोठी, मोठ्या आवाराची. तिथं मंदा दारातच घाबरली. हाताने बोलली, आये, इथं काय आवाजच न्हाय. मला कुठून कळायला आवाज हाय का न्हाय? पण तिचं तोंड उतरलेलं दिसलं. जन्मापासून लूमच्या खडखडाटात वाढलेली पोरं ती. त्यात झोपलेली, त्यात पाढे पाठ केलेली. शांततेत त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी बोलले, जा आत, आवाज न्हाय तर न्हाय, हात हायेत ना? काय अवदसा आठवली मला आणि असं बोलून बसले.

मी कडुनिंबाखाली बसले होते. पेपर निम्म्यावर आला असेल, शिपाई बाहेर आला आणि लोकांना काहीतरी विचारत फिरायला लागला. एका माणसाने माझ्याकडं बोट दाखवलं. शिपाई जवळ येऊन ओरडला, मंदा तुमची का? चला, केंद्रप्रमुखांनी बोलावलंय.

मी पदर सावरून त्याच्या मागं पळाले. ऑफिसात गेले तर मंदा भिंतीला लागून उभी. साडी नेसून गेली होती ती, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. टेबलावर तिचा पेपर पालथा घातलेला. एक तरुण सुपरवायझर रागाने लाल झालेला, आणि खुर्चीत केंद्रप्रमुख. वयस्कर, जाड चष्मा, आणि तोंडावर ही मोठी मिशी. ते बोलायला लागले आणि मला काय कळेना. मिशीखाली ओठ दिसत न्हाईत तर माणूस काय बोलतो ते मी कशी बघणार? मी बोलले, सायेब, मला ऐकू येत न्हाय, पोरगी सांगेल.

आता बघा हं, काय वेळ आली तिच्यावर. तिच्यावरचा आळ तिनेच तिच्या आईला हाताने सांगायचा. पदरातून हात काढले तिने. ती बोलली, मी पहिल्या बाकावर होते. माझे हात चालत होते. सुपरवायझर बोलतायत, मी मागच्यांना उत्तरं सांगत होते. माझी चोरी धरलीय. माझा पेपर गेला.

पेपर गेला म्हणताना तिने हात खांद्यावरून मागं टाकला न्हाय. मूठ मिटून पोटाशी धरली. अजून हातातच हाय, आये, ये.

मी आले. मी सायबाला बोलले, चोरी? कोणाची चोरी? सायेब, तुम्ही हिशेब घालताना बोटं मोडता का न्हाय? मग काय बोटांनी शेजाऱ्याला सांगता? ह्या पोरीला तिच्या मास्तरने इंग्रजी हातातून शिकवलंय. हात बांधून ठेवले तर डोकं कसं चालेल? सुपरवायझर मधे काहीतरी बोलला. मी बोलले, तुम्ही थांबा हो, तुमच्या आईच्या वयाची बाई बोलतेय.

केंद्रप्रमुखांनी त्याला हाताने थांबवलं. मग त्यांनी मंदाला बरंच विचारलं, तिने रडत रडत सगळं सांगितलं असणार, शेड, सर, धागा. कारण सायेब उठले आणि भिंतीवर सुपरवायझरांच्या ड्युट्या लिहायचा छोटा फळा होता, त्याचा कोपरा पुसून त्यांनी एक इंग्रजी ओळ लिहिली. मंदाला खूण केली, कर.

तिचा हात खांद्यावरून मागं गेला. मी लगेच बोलले, झालं, मिटलं, मागं पडलं. सायबांनी माझ्याकडं बघितलं. दुसरी ओळ लिहिली. मंदाचा हात इकडून तिकडं, धोट्यासारखा. मी बोलले, चालू हाय, आत्ता चालू हाय. तिसरी ओळ लिहायला त्यांनी वेळ घेतला. मंदा ओळीकडं बघत राहिली. हात खांद्याकडं निघाला, अर्ध्यात थांबला. हात परत आला, मूठ मिटली, पोटाशी गेली. मी बोलले, झालंय, पण अजून गळ्यात हाय.

सायेब खुर्चीत बसले. मग त्यांनी प्रत्येक ओळ मंदाला मराठीत सांगितली आणि तिने मला हातांनी. पहिली होती, काल पाऊस पडला. दुसरी, मुलं पेपर लिहीत आहेत. तिसरी, माझी किल्ली हरवली आहे. हरवली ती अजून सापडली न्हाय, तर मूठच की हो. मी इंग्रजीचं अक्षर न शिकलेली बाई, आणि सायबाने इंग्रजीत किल्ली हरवली ती मला कळली. भिंतीतून पलीकडचं दिसावं तसं वाटलं मला. पोरीचे हात मधे होते म्हणून दिसलं. मी त्या सुपरवायझरकडं असं बघितलं की बोला आता.

पण सायेब हसत न्हव्हते. ते हळूच काहीतरी बोलले आणि मंदाचे हात खाली पडले. तिने मला सांगितलंच न्हाय. मी विचारलं, काय बोलले? ती बघेना. मी तिची हनुवटी धरून वर केली, सांग. तेव्हा तिने सांगितलं.

ते बोलले होते, बाई, तुम्हाला इंग्रजी येत नाही, तरी हिच्या हातांवरून उत्तर कळलं. मग मागे बसलेल्या मुलांना का कळणार नाही?

डोक्यावर पाणी ओतावं तसं झालं मला. पोरीला सोडवायला आले आणि माझ्याच तोंडाने तिला अडकवलं. शहाणपणा दाखवायला गेले, कळलं, कळलं करत नाचले. सायबाची काय चूक? त्यांच्या जागी मी असते तर मी पण हेच बोलले असते. त्यांनी कागद पुढं ओढला, काहीतरी लिहायला घेतलं, आणि मला दिसायला लागलं, माझ्या बाजूचं मशीन, त्याच्यासमोर मंदा, आणि वर्षं जातील तशी सगळ्यांना जोरात बोला म्हणणारी मंदा.

तेव्हा मला शेड आठवली. मी टेबलावर हात ठेवला, त्यांच्या कागदावरच. बोलले, सायेब, एक सांगते, मग काय लिहायचं ते लिहा. आमच्या शेडमध्ये हाताने बोलायचं तर आधी समोरच्याचा डोळा धरावा लागतो. तो बघत नसेल तर आम्ही सुताचा गोळा फेकून मारतो, पाय आपटतो, पण डोळ्याला डोळा लागल्याशिवाय हात उचलत न्हाय. उचलला तर फुकट जातो ना. ह्यांना विचारा, हिने मागं वळून कोणाचा डोळा धरला का? मागच्याने मान वर करून हिचे हात बघितले का? न्हाय बघितले, तर ती कोणाशी बोलत न्हव्हती. ती मनातल्या मनात बोलत होती. आमचं मन हातात असतं, त्याला आम्ही काय करणार?

सायबांनी सुपरवायझरला विचारलं. ते त्याने बघितलंच न्हव्हतं. मग सायेब उठले आणि हॉलकडं निघाले. मी पण मागं गेले. शिपाई आडवा आला, सायबांनी मान हलवली, तो बाजूला झाला. पण मला उंबऱ्यावरच थांबवलं.

आणि मी काय बघितलं ते आता सांगते, यासाठीच इतकं सगळं सांगितलं.

मोठा हॉल. उंच छत, ओळीने बाक. ठाण्याची पोरं लिहीत होती, माना खाली. आणि मधे मधे आमची कामतघरची. मला एकेकाचं नाव माहीत. विठू, कारागिराचा पोरगा. काशी, शांताबाईची. त्यांच्या मागं अजून, अजून. प्रत्येकाच्या उजव्या हातात पेन आणि डावा हात चाललेला. कोणाचा खांद्यावरून मागं, कोणाचा धोट्यासारखा, कोणाची दोन बोटं पुढं, कोणाची मूठ पोटाशी. प्रत्येकाचा वेगळा, ज्याच्या त्याच्या प्रश्नाचा. आणि डोळे? सगळे डोळे कागदावर. एक मान वर न्हाय.

सायबांनी बराच वेळ बघितलं. मग काय केलं, पुढं जाऊन पोरांसमोर उभे राहिले आणि आपला हात खांद्यावरून मागं टाकला, मंदाने टाकला होता तसा. पुन्हा टाकला. एका पण पोराने बघितलं न्हाय. विठू तर नाकासमोर सायेब उभे असून मूठ मिटून बसला होता, डोळे कागदात, ओठ दाताखाली.

मला वाटलं, लूमची शेड चालू हाय. तीच लगबग, तेच हात, मी आयुष्यभर बघितलेले, फक्त पत्रा न्हाय, वंगणाचा वास न्हाय, आणि विणलं जातंय ते कापड न्हाय. पोरं इंग्रजी विणत होती. शेडमध्ये ज्या हातांनी आम्ही फक्त तुटलं, जोडलं, चहा आण, एवढंच बोललो, त्या हातांत इतकं मावत होतं आणि आम्हाला पत्ता न्हव्हता. माझे डोळे भरून आले. बायाबापड्यांनी पोटासाठी केलेली भाषा, तिच्या पोटात काय काय होतं. मला आपोआप हात जोडावेसे वाटले, आणि कोणाला जोडायचे ते कळेना, म्हणून मी ते तसेच पोटाशी धरून उभी राहिले.

सायेब परत आले. चष्मा काढून पुसत होते. त्यांनी माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडं बघून, एकेक शब्द सावकाश उच्चारला, आणि मिशी हाताने वर धरली, बघा, मला ओठ दिसावेत म्हणून. ते बोलले, बाई, असं मी कधी पाहिलं नाही.

मंदाला त्यांनी शेवटच्या बाकावर बसवलं, ज्याच्या मागं भिंतीशिवाय काय न्हाय. हात बाकावर उघडे ठेव, लपवू नको, असं बोलले. जितका वेळ ऑफिसात गेला तितका तिला पुढं द्यायला लावला. सुपरवायझरने स्वतः तिचा पेपर नेऊन दिला, चेहरा पडलेला होता बिचाऱ्याचा, पण वाईट माणूस न्हाय तो, चोख काम करणारा.

मी परत कडुनिंबाखाली. घंटा झाली असणार, पोरं बाहेर पडायला लागली. विठू आला, काशी आली, सगळी एसटी पकडायला पळाली. मंदा न्हाय. तिचा वेळ चालू होता अजून. आवार रिकामं झालं. ऊन पायाशी आलं. मी उठले, बसले, परत उठले. देवाचं नाव घ्यायची सवय आमच्या घरात न्हाय, बाबासाहेबांचं घेतलं.

मग व्हरांड्याच्या टोकाला ती दिसली. तिच्या आणि माझ्या मधे सगळं पटांगण. हाक मारून उपयोग न्हाय हे तिला माहीत. ती थांबली, आणि आधी माझा डोळा धरला. मी हात उडवून विचारलं, मुकादम विचारतो तसं, काय झालं? तुटलंय का?

तिने हात वर केला आणि खांद्यावरून मागं टाकला. असा टाकला की मागच्या भिंतीवर जाऊन आपटला असता. मग तोच हात समोर आणला आणि इकडून तिकडं, इकडून तिकडं हलवत, त्या भल्या मोठ्या शाळेच्या पायऱ्या उतरून माझ्याकडं चालत आली.